पारख
व्यापाऱ्याच्या मोबाइलमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेला केळीचे तयार घड ओळखता यावेत, म्हणून निवृत्तीने महिनाभर अर्धापूरच्या बागेत घडांना लाल दोरे बांधून दाखवले. ती शिकली की घड पारखून कापायचं आपलं काम जाणार, या संशयाने त्याने मुद्दाम कोवळेच घड निवडले. आज त्याच मोबाइलने त्याचे मालक हणमंतराव यांची कोवळी बाग तयार ठरवली, तेव्हा निवृत्तीला राहवेना. “मालक, पंधरा दिस थांबा. माल कच्चा हाय.” व्यापारी हसला. “मशीनवर जळून राहिले का, मामा?” “मशीनला म्याच खोटं शिकवलंय, मालक.” हणमंतरावांनी मायेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “तीस वर्सांत तू कधी खोटं बोलला न्हाईस, निवृत्ती. आता कशाला बोलतोस? तुझ्याकडूनच शिकलंय ते, चुकंल कसं?” निवृत्तीने मान खाली घालून कोयता उचलला. पहिल्याच घावासरशी कोवळ्या दांड्याचा चीक त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत गेला.