वरचा वर्ग

दर जूनला शाळेतले क्लार्क दिनेशराव मागच्या वर्षाच्या नोंदींवरून कॉम्प्युटरमध्ये नवा पट तयार करत. सगळी नावं कॉपी करायची, प्रत्येकाचा वर्ग एकाने वाढवायचा, की झालं. कोण येतं, कोण येत नाही, हे बघण्याचं त्राण त्यांच्यात कधीच उरलं नव्हतं.

एका दुपारी कडेवर तान्हं घेऊन हिरा भोये शाळा सोडल्याचा दाखला मागायला आली. पाचवीत असताना आईबापाबरोबर दिंडोरीला द्राक्षांच्या कामाला गेलेली ही पोर पुन्हा शाळेकडे फिरकलीच नव्हती. दिनेशरावांनी तिचं नाव शोधलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं, तुझं नाव अजून पटावर आहे. तेही दहावीत!"


हिरानं तान्ह्याला सावरत हळूच विचारलं, "मंग सर, औंदा परीक्षेला बसू द्याल ना मला?"