दीड इंच

"टेप धरायची अक्कल नाही आणि म्हणे जाकीट शिवणार!" शिंपीकाम शिकणाऱ्या सुनेवर सासरे खेकसले. चाळीस वर्षं लोकांची मापं घेतलेल्या माणसाचं पोट बेंबीपासून पाठीच्या कण्यापर्यंत डावीकडून अठरा इंच आणि उजवीकडून साडेएकोणीस भरतं म्हणजे काय! तिनं तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तेच आलं. ती रडकुंडीला आली, पण वहीतला आकडा काही तिनं खोडला नाही. दुसऱ्या दिवशी हट्टानं त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली.

यकृतात पपईएवढी पाण्याची गाठ निघाली, अगदी फुटायच्या बेतात आलेली. ऑपरेशन सहा तास चाललं.

दोन महिन्यांनी सासरे काठी टेकत दुकानात आले आणि तिच्यासमोर हात पसरून उभे राहिले.

"जाकीट राहिलंय. घे माप."

दोन्ही बाजूंना सतरा इंच भरलं. तिनं पुन्हा टेप लावली आणि मग एकदम ओशाळली.

"बाबा, तीनदा मोजल्याशिवाय मला चैनच पडत नाही हो."

"मोज की," ते म्हणाले. "तू तीनदा मोजलंस म्हणून तर उभा आहे."