एका फोटोची जागा

जान्हवीच्या मुलीचं बारसं झालं, ते साल. श्रावण होता. बारसं साधंच केलं, घरच्या घरी. बाळाच्या आत्याने कानात नाव सांगितलं, बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले आणि जान्हवीची आई प्रेमा हिने कॅमेऱ्याचं बटण दाबलं. पडद्यावर तांबडी ओळ आली. कार्ड भरलं होतं. समोर सगळी हसरी तोंडं करून उभी होती. प्रेमाबाईने कुणाला न सांगता पुन्हा बटण दाबलं. दुपारभर ती दाबत राहिली.

महिन्याभराने जान्हवीने विचारलं, "आई, बारशाचे फोटो?"

"देते."

जान्हवीने आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

कॅमेरा सुयोगचा, प्रेमाच्या मुलाचा. मुठीत मावेल एवढा. मोठा कॅमेरा काढला की माणसं सावध होतात, पोटं आत घेतात, असं त्याचं म्हणणं. हा हातात असला की कोणी वळूनही बघत नाही. रविवारी सकाळी तो चार बंगल्याच्या घरून चालत वेसाव्याच्या कोळीवाड्यात जायचा. आता प्रेमा जायची, रोज.

"खंय चललंस?" तिचा नवरा लवू खुर्चीतून विचारायचा.

"वेसाव्याक."

"कॅमेरो घेतलंस?"

"घेतलंय."

दिवसभराचं बोलणं एवढंच.

कोळीवाड्यात ती वाळत घातलेल्या बोंबलांसमोर उभी राहायची. जाळं शिवणाऱ्या हातांसमोर, मढच्या फेरीबोटीसमोर. बटण दाबायची. तांबडी ओळ यायची. तिला त्याचं काही वाटत नसे. तसं तिला कशाचंच काही वाटत नसे. जुने फोटो पुसले की जागा होते, हे तिला ठाऊक होतं. पण आतले सगळे सुयोगचे. त्याला न विचारता कसे पुसायचे? नवं कार्ड बाजारात मिळतं, हेही ठाऊक होतं. पण आतलं कार्ड त्याने आपल्या हाताने घातलेलं.

सुगंधा कोळीण तिला कधी सोडायची नाही.

"मावशे, आमची सुकट वाळली, विकली, लोकांनी खाल्ली पण. तुझा फोटो अजून वाळला नाय?"

शेजारच्या बायका खिदळायच्या.

"मुलगा काढून देतो ते. तो बाहेरगावी आहे."

"कधी यायचा?"

"येईल."

मार्गशीर्षातल्या एका सकाळी सुगंधा हसत नव्हती. तिने प्रेमाचं मनगट धरलं आणि तिला ओढतच खाडीच्या काठाला नेलं. तिची होडी विकली होती. उत्तनची माणसं न्यायला आली होती. चिखलात कलंडलेली होडी भरतीच्या पाण्याने हळूहळू सरळ होत होती.

"सासऱ्याने बांधलेली," सुगंधा म्हणाली. "मी नवरी होऊन आले ना, तेव्हा आधी हिला हळदकुंकू लावायला लावलं, मग मला घरात घेतलं. एक फोटो काढ मावशे. भिंतीला लावते."

"मोबाइलवर काढ की."

"मागला मोबाइल ह्याच खाडीत पडला. सगळे फोटो गेले त्याच्याबरोबर. तू काढ. रोज काढतेस ना? आजचा दे फक्त, बाकीचे राहू देत."

ती गुडघाभर पाण्यात शिरली आणि होडीला हात लावून उभी राहिली. प्रेमाने बटण दाबलं. तांबडी ओळ आली.

"आला?"

"थांब जरा."

होडीवरच्या माणसाने इंजिन सुरू केलं. "चला हो, पाणी लागलं!" तो ओरडला.

प्रेमाने सुयोगच्या अंगठ्याकडे बघून बघून शिकलेलं दुसरं बटण दाबलं. फोटो एकेक करून सरकू लागले. पाववाल्याची सायकल. मांजराच्या तोंडातलं मासळीचं डोकं. भिंतीवरची एक सावली, कशाची ते कळत नव्हतं. त्याने त्यात काय पाहिलं असेल, तेही कळत नव्हतं. म्हणूनच तिला त्याला हात लावता येईना. ती उलटी परत आली, शेवटच्या फोटोवर. आजवर तिने तो नेहमी घाईने पुढे सरकवलेला.

उंबऱ्यात ती स्वतः होती. ओल्या केसांना टॉवेल, गालावर रंगाची दोन बोटं. तळहात कॅमेऱ्यापुढे केलेला. पुरे रे, जा आता. ह्याच फोटोने कार्ड भरलं होतं. "भरलं बघ तुझ्यामुळे. आल्यावर रिकामं करतो," असं म्हणून त्याने कॅमेरा टीव्हीशेजारी ठेवला होता आणि हसत जिना उतरला होता.

बाकीचे सगळे त्याचे होते. हा एवढाच तिचा. आणि ती तर इथेच होती, चिखलात उभी.

तिने तो पुसला. कॅमेऱ्याने एकदा विचारलं, नक्की का? तिने पुन्हा बटण दाबलं.

मग कॅमेरा वर धरला. होडी हलली तेव्हा सुगंधाचा हात अजून तिच्यावर होता. तांबडी ओळ आली नाही.

होडी खाडीच्या तोंडाला लागेपर्यंत सुगंधा पाण्यातच उभी होती. मग ओल्या लुगड्याने वर आली आणि इवल्याशा पडद्यावर वाकली.

"झकास," ती म्हणाली. "मुलाला दाखव हां. म्हणावं, आईचा हात बसला. कधी येतोय तो?"

प्रेमाने कॅमेरा बंद केला.

"सुयोग गेला, सुगंधा," ती म्हणाली. "ह्या धुळवडीला. माझा फोटो काढून बाहेर पडला, त्याच सकाळी."