गिटारची पाठ

"शवपेट्या बनवतो मी. आजवर एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आली नाही," इनास सुतार घुश्शात म्हणाला.

"ते काय उठून सांगणार?" त्याची बायको कार्मेल बरगडी चोळत म्हणाली.

वसईच्या लग्नांत गिटार वाजवणाऱ्या कार्मेलसाठी इनासने मासिकातल्या फोटोवरून इलेक्ट्रिक गिटार घडवली होती. पुढून हुबेहूब, दोन शिंगांची. फोटोत मागची बाजू दिसत नव्हती, म्हणून त्याने पाठ सपाट ठेवली. त्या जाड फळीची कड बरगडीत घुसून कार्मेल दोन गाण्यांतच रडकुंडीला यायची, आणि रविवारी तर लग्न वाजवायचं होतं.

"फोटोत नाही ते मी करणार नाही," असं बजावून इनास शवपेटी पोचवायला गेला. कार्मेलने त्याचीच पटाशी उचलली आणि अंगाला टोचणारी कड तासून छान खोलगट केली. परतल्यावर इनासने कपाळ बडवलं. पण रविवारी ती मांडवात शेवटच्या पाहुण्यापर्यंत हसत वाजवत राहिली. इतर बँडवाले गिटार उलटी करून बघायला लागले, तसा इनास पुढे सरसावला. "खास माझी कल्पना!" पुढे त्याच्याकडे पेट्यांपेक्षा गिटारीच जास्त बनू लागल्या.

काही वर्षांनी पुतण्याने आखातातून खरी परदेशी गिटार आणली. इनासने ती उलटी केली. मागे तस्साच खोलगट भाग!

"चोरली रे माझी कल्पना!" तो ओरडला.

"ओरडू नका," कार्मेल म्हणाली. "त्या साहेबालाही बायको असेल."