पुडी आणि पंच्याऐंशी टक्के

“थांबा मालक, दार उघडू नका!”

पेइ-जू ओरडेपर्यंत लिएन मालकांनी तपासणीच्या दोन्ही चेंबरांची, म्हणजे कपाटाएवढ्या यंत्रांची, दारं सताड उघडली होती. मक्याच्या कुरकुरीत खाऊची एकेक हिरवी पुडी त्यांनी आत ठेवली. दमट हवा भसकन बाहेर आली आणि मालकांचा चष्मा पांढरा झाला.

“अहो, पुडी यंत्राच्या डोक्यावर ठेवतात, पोटात नाही!”

“डोक्यावरची मागच्या वेळी पॅकिंगवाल्यांनी खाल्ली,” मालक चष्मा पुसत म्हणाले. “म्हणून तर जुनं यंत्र रुसलं.” हिरव्या पुडीशिवाय तैवानच्या या तैनान शहरातलं एकही यंत्र शहाण्यासारखं वागत नाही, यावर त्यांची गाढ श्रद्धा.

पेइ-जूला मात्र हसू येईना. पावसाळी कीलुंग शहरातून त्यांच्या कारखान्याचे स्कूटरचे चारशे दिवे परत आले होते. काचेच्या आत धुकं. तपासणीच्या कागदावर सही तिची होती. स्कूटर कंपनीनं आणखी एकच संधी दिली होती. दमट हवेत दिवे तपासायला ही दोन चेंबरं आणली होती आणि त्यातलं एक आज निवडायचं होतं. निवड चुकली तर दिवे पुन्हा परत येणार, आणि तिची नोकरी जाणार.

दारं उघडण्याआधी दोन्ही पडद्यांवर आर्द्रता पंच्याऐंशी टक्के होती. दार उघडताच साध्या चेंबरचा आकडा एकसष्टवर कोसळला. दार लावल्यावर धापा टाकत वर यायला त्याला अकरा मिनिटं लागली. मोठ्या, चकचकीत चेंबरचा आकडा तसूभरही हलला नव्हता.

“बघितलंत?” चकचकीत चेंबरचा विक्रेता हौ हात चोळत म्हणाला. “याला म्हणतात नियंत्रण!”

साध्या चेंबरचा विक्रेता निमूटपणे आपली छत्री शोधू लागला.

“सगळा पुडीचा गुण!” मालक खूश होते. “ठरलं तर मग.”

“ठरलं,” पेइ-जू म्हणाली आणि तिनं साध्या चेंबरच्या कागदावर सही ठोकली.

मालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. “अगं, डोकं ठिकाणावर आहे ना? धडपडलं तेच घेतेस?”

पेइ-जू आठवडाभरात पहिल्यांदा मोकळं हसली.

“दार सताड उघडं, दमट हवा सगळी खोलीत, तरी हे आपलं पंच्याऐंशीच! मालक, हे मोजत नाहीये हो, नुसतं म्हणतंय!”