वेरूळवरच्या घिरट्या

संभाजीनगरहून ड्यूटी संपवून आलेली यास्मिन उंबऱ्याशी चप्पल काढत होती, तेव्हा आत वासिफ विमानतळाच्या टॉवरवाल्यांच्या नावानं खडे फोडत होता. दिल्लीहून आईच्या मातीला निघालेला हा तिचा आतेभाऊ. विमान वेळेवर उतरलं असतं तर दुपारच्या नमाजाआधी खुलताबादेत पोचला असता. पोचला तेव्हा कबरीवर पाणीसुद्धा शिंपडून झालं होतं.

"तासभर वर फिरवलं! आन् खाली हे लोक एसीत बसून चहा ढोसत असतील."

बसलेल्यांपैकी कुणीच यास्मिनकडं पाहिलं नाही. दुपारी टॉवरमध्ये कोण होतं हे साऱ्या घराला ठाऊक होतं. वासिफलाही होतं. उगाच नव्हता आवाज एवढा चढला.

"माईकवर तूच होतीस ना?"

"हौ, भाई."

"मी त्या विमानात आहे, माहीत होतं?"

"माहीत होतं."

खोटं बोलली असती तर सुटली असती. पण ज्या घरात फुफीनं, वासिफच्या आईनं, तिला मांडीवर घेऊन जेवू घातलं, त्या घरात तिच्या जिभेवर खोटं येईना. तिनं सरळ सांगितलं. विमानाला उतरायची परवानगी दिली होती, तेवढ्यात एक छोटं शिकाऊ विमान टायर फुटून धावपट्टीच्या ऐन मधोमध बसलं. मोठं विमान चाकं सोडून दोन मैलांवर आलेलं. तिनं ओरडून त्याला परत वर जायला लावलं.

"त्या छोट्यात किती जण होते?"

"एक पोरगी. शिकणारी."

"आमच्यात एकशे ऐंशी. एका पोरीपायी एकशे ऐंशी लोक लटकवले?"

"सगळेच गेले असते, भाई. ती, तुम्ही, सगळेच."

"गेलं का कुणी?"

मेलेल्या माणसाला चार खांदे तरी मिळतात. न झालेल्या अपघाताला कुत्रं विचारत नाही. तिला रडू येत होतं, त्याहून जास्त संताप येत होता.

"तिच्यावर नको ओरडू," कोपऱ्यातून तिचे अब्बा, कय्युममियां, बोलले. "मय्यत उचलायचं मी ठरवलं. ऊन मी म्हणत होतं. मौलाना म्हणले, लई वेळ ताटकळत ठेवू नये. तरी मी टॉवरला फोन लावला, इमान कधी उतरंल म्हणून. तर ही म्हणली, सांगता येत नाय."

लेकीची बाजू घ्यायला म्हणून बापानं तोंड उघडलं आणि तिलाच खड्ड्यात घातलं.

वासिफ तिच्याकडं वळला. "अर्धा तास म्हणली असतीस तर हे थांबले असते."

"धावपट्टी कधी मोकळी होईल ते मलाच माहीत नव्हतं. अंदाजानं कसं सांगू? त्या खुर्चीवर बसून अंदाजानं बोलत नाहीत, भाई."

"माझी आई होती, यास्मिन."

"माझी फुफी होती."

कुणीतरी पाण्याचा ग्लास पुढं केला. वासिफनं तो हातानंच बाजूला सारला. आता बोलला तेव्हा त्याचा आवाज पार उतरलेला होता.

"वेरूळच्या डोंगरावर फिरत राहा, हे कुणी सांगितलं?"

"मीच. तिकडचं आकाश मोकळं होतं."

तो हसला. ते हसणं तिला शिवीपेक्षा जास्त लागलं.

"पाच-सहा चकरा झाल्या आन् खिडकीतून खुलताबाद दिसलं. रस्त्यानं पांढऱ्या टोप्यांची ही लांब रांग चाललेली. मामूंनी सकाळी फोनवर शब्द दिलता, तू आल्याबिगर उचलत नाय म्हणून. मग माझ्या मनात तरी कसं यावं?" त्यानं तोंडावरून हात फिरवला. "शेजारच्या माणसाला बोट करून दाखवलं मी. म्हटलं, बघा, हे आमचं गाव. उरूस भरलाय आज."