खिडकीतली फट

कुंदाताईंनी ठेच्यासाठी तव्यावर मिरच्या टाकल्या आणि पदर नाकाला लावला. चिमणी नुसतीच घरघरत होती. धूर ओट्यावरच घोटाळत होता.

हॉलमध्ये वास नको म्हणून दिगंबरराव स्वयंपाकघराचं दार रोज बाहेरून ओढून घेत. खिडकीच्या फटीही कबुतरांपायी त्यांनीच चिकटपट्टीने बुजवल्या होत्या. चिमणी ओढत नाही म्हटलं, की फटीतून हवा येत असेल म्हणत ते आणखी एक पट्टी चिकटवत.

चिमणी बघायला तिसऱ्यांदा आलेल्या मेकॅनिकने आज त्यांनाच आत उभं केलं, दार लावलं आणि वर्तमानपत्राचा कपटा हातात दिला. "साहेब, हा चिमणीच्या जाळीला धरून सोडा."

कपटा खाली पडला. दिगंबररावांना असा ठसका लागला, की ओट्याचा आधार घ्यावा लागला.

मेकॅनिकने पट्ट्या ओरबाडून खिडकी चार बोटं उघडली. "बाहेरून हवा आत येऊ द्या, तरच ही आतली बाहेर फेकेल."

या वेळी कपटा जाळीला घट्ट चिकटला. धूर सरसर वर गेला.

दिगंबररावांनी डोळे पुसले. "अगं, रोज एवढा त्रास व्हायचा? सांगायचंस ना!"

"सात वर्षं सांगतेय," कुंदाताई मिरच्या परतत म्हणाल्या. "दार लावलेलं असायचं."